आधी पडवी, मग टेबलं

काही वर्षांपूर्वी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफिस मांडायचं काम आमच्याकडे आलं होतं. काचेच्या भिंती, लाल-पिवळ्या बीनबॅगा, टेबल टेनिस, एका भिंतीवर छताला टेकेल एवढ्या अक्षरांत स्फूर्तिदायक वाक्य. सांगितलं ते सगळं आम्ही बसवलं. तीन महिन्यांनी उरलेल्या बिलासाठी गेलो, तर बीनबॅगांवर कुरिअरचे खोके आणि निम्मी टीम फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. एक मुलगा कुणाच्यातरी गाडीच्या धुळकट काचेवर बोटाने चौकोन आणि बाण काढून शेजारणीला काहीतरी समजावत होता. ती नुसती मान डोलावत नव्हती, वाद घालत होती. कंपनीचं काम तिथे चाललं होतं. आत, आम्ही खास कल्पना सुचण्यासाठी केलेल्या कोपऱ्यात, एसी एकटाच घुमत होता.

त्या टपरीत असं काय होतं? मोकळी हवा होती. हातात ग्लास होता, म्हणजे उभं राहायला निमित्त होतं. जागा साहेबांच्या नजरेआड होती, पण ऑफिसपासून लांब नव्हती. कुणीही येऊन मिसळावं आणि चहा संपला की निघून जावं, कुणाला रुखरुख नाही. पुढे कामानिमित्त जव्हारला जाणं-येणं वाढलं, पाड्यांवरच्या घरांत बसणं झालं, तेव्हा ही जागा ओळखीची वाटली. ती पडवी होती. घरात नाही, घराबाहेरही नाही. पाहुणा उंबरा न ओलांडता तिथे टेकतो, भात तिथे निवडला जातो, जाळं तिथे विणलं जातं, भांडणं तिथे मिटतात. आर्किटेक्टना जी जागा नकाशात शेवटी सुचते, ती इथल्या घरात पहिली येते.

हा लेख जव्हार-मोखाड्यात कॉम्प्युटरवरच्या कामाचं छोटं ऑफिस काढू पाहणाऱ्यांसाठी आहे. इथे हिंजवडीसारखं आयटी पार्क नाही. पण नाशिक किंवा पुण्यात चार वर्षं काढून लॅपटॉप घेऊन परतलेली मुलं आहेत, हिशेबाचं, डेटा एंट्रीचं, वेबसाइटचं, व्हिडिओ एडिटिंगचं काम लांबून घेता येतं हे त्यांना ठाऊक आहे. भातकापणी आटोपली की घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर निघून जातात अशा तालुक्यांत दहा जणांना बारमाही काम देणारी एक खोली ही लहानसहान गोष्ट नव्हे. आणि हे अशक्यही नाही: झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने २०११ मध्ये तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या मथळंपाराई गावात ऑफिस काढलं आणि ते वाढतच गेलं. त्यांच्याएवढा पैसा आपल्यापाशी नाही, हे मान्य. म्हणूनच तो कुठे घालायचा आणि कुठे नाही हे आधी ठरवायला हवं. मी दहा माणसं आणि सहाशे चौरस फूट जागा धरून चालतो. भाड्याचं घर असो की स्वतःचं बांधकाम, हिशेब फारसा बदलत नाही.

मोठ्या हॉलचा मोह

भिंती पाडल्या की माणसं एकमेकांशी जास्त बोलतील, बोलली की नवं सुचेल, हा समज शहरातून गावापर्यंत पोचला आहे. २०१८ साली हार्वर्डच्या एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांतल्या माणसांच्या गळ्यात नोंद ठेवणारी उपकरणं अडकवून हे तपासलं. कप्पे काढून सगळं मोकळं केल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. मला यात नवल वाटत नाही. चावडीवर सगळ्यांच्या देखत कोण मनातलं बोलतो? माणूस कानात हेडफोन घालतो आणि स्वतःभोवती न दिसणारी भिंत बांधून घेतो.

तेव्हा एक मोठा हॉल करू नका. सहाशे फुटांतले साडेतीनशे फूट शांत बसण्याच्या खोलीला द्या. साठ फुटांची बंद खोली फोन आणि व्हिडिओ कॉलसाठी. संडास-मोरीला पन्नास. उरलेले एकशे चाळीस पडवीला, आणि ही जागा कमी करायला कुणी सांगितलं, अगदी घरमालकाने सांगितलं, तरी ऐकू नका.

पडवीची रुंदी सात-आठ फूट हवी. चार फुटांची पडवी म्हणजे नुसती येण्याजाण्याची वाट. दोघं बसली की तिसऱ्याला पाय आखडायला सांगावं लागतं आणि बोलणं तुटतं. कडेला सोळा ते अठरा इंच उंचीचा ओटा, एवढा रुंद की मांडी घालूनही बसता आलं पाहिजे. पाण्याचा माठ, चहाचा थर्मास, चपला काढायची जागा, मोबाइल चार्जिंगचे चार पॉइंट आणि एक साधा काळा फळा हे सगळं इथेच ठेवा. खडू मात्र डब्यात, नाहीतर जुलैत तो पिठासारखा होतो. दाराकडून टेबलाकडे जाणारी वाट पडवीतूनच गेली पाहिजे. मागच्या अंगाला एकाकी बांधलेल्या पडवीत कुणी जात नाही, तिथे महिन्याभरात जुने मॉनिटर साठतात.

आणि मालकाचं टेबल पडवीकडे तोंड करून लावू नका. एवढी एक चूक टाळली तरी निम्मं काम झालं. पडवीत बसलेल्यांना कुणीतरी मोजतंय असं वाटलं की ती माणसं पुन्हा टपरीवर जातील. जव्हारच्या बाजारात टपऱ्यांना तोटा नाही.

आतले आडोसे पक्के बांधण्यापेक्षा बांबूच्या चौकटीवर तट्ट्या ठोकून करा. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४३ साली युद्धकाळात रडारच्या संशोधनासाठी लाकूड आणि प्लायची एक इमारत घाईघाईने उभी केली होती. नाव बिल्डिंग २०, युद्ध संपलं की पाडायची असंच ठरलेलं. ती १९९८ पर्यंत टिकली आणि तिथून एवढं संशोधन बाहेर पडलं की मागाहून लोक तिचं गुपित शोधत बसले. एक कारण अगदी साधं होतं: तिथे कुणीही न विचारता भिंतीला भोक पाडू शकत असे, वायर ओढू शकत असे, लागलं तर मधली भिंतच काढू शकत असे. संगमरवर लावलेल्या इमारतीत खिळा ठोकायलाही परवानगी लागते. इथे मानवेल चांगला मिळतो, तट्ट्या विणणारे हात गावात आहेत, आणि मन बदललं तर आडोसा दोन तासांत हलवता येतो. बांबू बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवून घ्या, नाहीतर दुसऱ्या वर्षी टेबलावर पिवळी भुकटी पडायला लागेल.

पत्र्यावरचा पाऊस

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेतं. नकाशा काढताना हा आकडा मला तोंडपाठ होता. त्याचा आवाज किती, हे मात्र मी विचारातच घेतलं नव्हतं.

इथल्या माझ्या पहिल्या कामात मी पत्र्याचं छप्पर सुचवलं. स्वस्त, झटपट, गळत नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मालकाचा फोन आला. बंगळुरूच्या गिऱ्हाइकाशी बोलणं चाललं होतं, आणि पलीकडचा माणूस अदबीने विचारत होता, तुमच्याकडे बाहेर एखादी मशीन चालू आहे का, ती थोडा वेळ बंद करता येईल का? ती मशीन सप्टेंबरपर्यंत बंद होणार नव्हती. तोवर पोरं कॉल करायला शेजारच्या स्लॅबच्या दुकानात, धान्याच्या पोत्यांमध्ये जाऊन बसत. डोकं उठतं ते वेगळंच. दिवसभर पत्र्याखाली बसून संध्याकाळी माणूस विनाकारण चिडलेला असतो आणि कशामुळे ते त्यालाही सांगता येत नाही.

नवं बांधत असाल तर फळ्यांवर कौलं घाला. आधीचा पत्रा असेल तर त्याच्याखाली सहा-आठ इंच मोकळी जागा सोडून दुसरं छत करा. नुसत्या बांबूच्या तट्टीने आवाज अडत नाही, तिच्यावर काहीतरी जड हवं, म्हणजे सिमेंटचा बोर्ड आणि वर रॉकवूलची गादी. तट्टी खालून शोभेला राहू द्या. याचा फायदा एप्रिलमध्येही होतो, कारण तापलेला पत्रा डोक्यावर जी आग ओततो तीही यात अडते. कॉलची खोली तर खोलीत खोली अशी करा: विटांच्या भिंती, आठ फुटांवर स्वतःचं वेगळं छत, जाड लाकडी दार, दाराच्या फटीला रबर. आत एका भिंतीला गोधडी टांगा. पाहुण्यांना ती सजावट वाटते, आणि आवाज घुमणं थांबतं ते तिच्यामुळे.

पाऊस इथे वरून येतो तसा आडवाही येतो. झड पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीवर बसते. म्हणून जुन्या घरांची छपरं एवढी खाली उतरलेली असतात की वाकून आत जावं लागतं. आपल्याला वाकायचं नसलं तरी चार फुटांची पागोळी-वळचण सोडाच. जोतं दोन फूट उंच घ्या. कारवीच्या कुडाला दरवर्षी शेणामातीने लिंपावं लागतं, ते करणारं कुणी असेल तर वरच्या भागात कूड उत्तम, भिंत श्वास घेते. नसेल तर वीट आणि चुन्याचा गिलावा. ओल धरणाऱ्या भिंतीवर प्लास्टिक पेंट लावू नका. ओल आत कोंडते, मग रंगाला फोड येतात आणि ऑगस्टमध्ये सगळ्या खोलीला बुरशीचा वास सुटतो. शिंका येणारा माणूस नवं काय सुचवणार? कपाटं भिंतीपासून चार इंच पुढे ठेवा. हार्ड डिस्क, कॅमेरे, कोऱ्या कागदाची रिमं एका बंद पेटीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. त्या दर पंधरवड्याला तव्यावर गरम केल्या की पुन्हा कामाला येतात.

एसी हवा आत आणत नाही

हे वाक्य मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी समोरचा चमकतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो, बाहेरची ताजी हवा तो घेत नाही. आता हिशेब करा. शांत बसलेला माणूस तासाला साधारण अठरा-वीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा बाय बारा फुटांच्या बंद खोलीत चौघं बसली की या वायूचं प्रमाण बाहेरच्या सुमारे ४२० पीपीएमवरून एक हजारावर जायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये जांभया येतात त्याचा दोष जेवणावर टाकला जातो, पुष्कळदा तो खिडकीचा असतो.

हार्वर्डच्या जोसेफ अॅलन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना सहा दिवस एका ऑफिसात बसवून, त्यांना न सांगता हवा बदलत नेली आणि रोज विचारशक्तीची चाचणी घेतली. चांगली हवा असलेल्या दिवसांच्या तुलनेत, सुमारे ९५० पीपीएमच्या दिवशी गुण १५ टक्क्यांनी आणि सुमारे १४०० च्या दिवशी ५० टक्क्यांनी उतरले. चोवीस माणसं म्हणजे फार नव्हेत, तेव्हा आकडा डोक्यावर घेऊन नाचू नये. पण खिडकी उघडायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे पुराव्याची वाट कशाला बघायची?

जव्हारच्या हवेत एसीशिवाय वर्षाचे बहुतेक दिवस निभावतात. समोरासमोर खिडक्या, एक खाली आणि एक वर, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. खिडक्यांना डासांची जाळी हवीच. ती नसेल तर संध्याकाळी सहाला कुणीतरी उठून सगळ्या खिडक्या लावून टाकणार, हे ठरलेलं. झडीच्या दिवसांसाठी वळचणीखाली, पाऊस पोचणार नाही अशा उंचीवर, विटांची जाळी ठेवा. ती कधी बंदच करायची नाही. कॉलच्या खोलीला लहान एक्झॉस्ट पंखा, आणि बाहेरची हवा आत यायला दाराच्या वर वाट. त्या वाटेने थोडा आवाज येईल, येऊ द्या. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने देशातल्या ठिकठिकाणच्या ऑफिसांत पाहणी करून दाखवलं आहे की खिडक्या उघडता येतात अशा इमारतीत आपल्याकडची माणसं बरीच जास्त उष्णता सुखाने सोसतात. खिडकी आपल्या हातात असणं हेच अर्धं सुख.

तरी मालकाला एसीच हवा असेल तर एका खोलीत लावून, दुसऱ्या खोलीत पंखे ठेवून एक उन्हाळा काढा. इन्फोसिसने हैदराबादजवळच्या पोचारममध्ये हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. एकाच इमारतीचे दोन सारखे भाग, एकात नेहमीची वातानुकूलन यंत्रणा, दुसऱ्यात छतात पाण्याचे नळ टाकून गारवा. दुसऱ्या भागाला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. एवढी मोठी कंपनी अंदाजावर न जाता अर्धं-अर्धं करून बघते, तर आपण का नाही?

खुर्ची, उंची, उजेड

पैसे खर्च करायची एकच वस्तू सांगा म्हटलं तर मी खुर्ची सांगेन. प्लास्टिकच्या खुर्चीवर आठ तास बसवून मुलांकडून चांगल्या कामाची अपेक्षा करणं हा अन्याय आहे. पाठीला आधार आणि उंची खालीवर करण्याची सोय, एवढं असलं तरी चालेल. पुण्या-मुंबईत बंद पडलेल्या ऑफिसांच्या जुन्या खुर्च्या चांगल्या अवस्थेत मिळतात.

टेबलाच्या उंचीकडे मात्र कुणीच लक्ष देत नाही. बाजारातलं तयार टेबल ७५ सेंटिमीटर उंच असतं. पाच फूट उंचीची मुलगी खुर्चीत पाय टेकवून बसली की तिचं कोपर जमिनीपासून साधारण ६२ ते ६५ सेंटिमीटरवर येतं. म्हणजे दिवसभर तिचे खांदे वर उचललेले, आणि महिन्याभरात मान धरलेली. गावातल्या सुताराकडून टेबलं करून घेणार असाल तर प्रत्येकाच्या कोपराची उंची मोजून पाय कापा. तयार टेबल असेल तर खुर्ची वर घ्या आणि पायाखाली लाकडी पाट द्या. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं आणि वेगळा कीबोर्ड, म्हणजे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येते. कोपऱ्यात एक चौरंग आणि चटई ठेवायला हरकत नाही, इथल्या कित्येकांना मांडी घालून बसणं जास्त मानवतं. मात्र दिवसभर तसं बसायची सक्ती करून त्याला परंपरा म्हणू नका.

टेबलं खिडकीला काटकोनात लावा. खिडकी समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर तिचं प्रतिबिंब पडद्यावर. पश्चिमेची खिडकी इथे विशेष जपून. पर्यटक सनसेट पॉइंटवर जे बघायला येतात ते दृश्य साडेपाच वाजता एक्सेल शीटवर नको असतं. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. पावसाळ्यात दुपारी तीनलाही अंधारून येतं, तेव्हा टेबलावर तीनशे ते पाचशे लक्स उजेड पडेल एवढे दिवे हवेत. मोबाइलवरच्या अॅपने हे ढोबळ मोजता येतं. कुंड्यांवर खर्च करू नका. खिडकीसमोर झेरॉक्स मशीन न ठेवता तिथे माणूस बसवला तर बाहेर मोह फुलतोय, भात पिवळा पडतोय, हे फुकट दिसतं. रॉजर अलरिच यांनी १९८४ साली 'सायन्स'मध्ये दाखवलं होतं की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले. ऑफिस म्हणजे इस्पितळ नव्हे, पण डोळे तेच.

पाणी, वीज आणि कडी

मुलींनी नोकरी का सोडली, याची कारणं मी काही ठिकाणी विचारली आहेत. पगाराआधी संडास आला. वेगळा संडास, आतून नीट लागणारी कडी, चालू दिवा, झाकणाची कचराकुंडी आणि बारा महिने पाणी. हे नसेल तर भिंतीचा रंग कोणता यावर चर्चा करणं थट्टा आहे.

पाण्याची इथली गंमत सगळ्यांना ठाऊक आहे: जुलैत नको म्हणावं इतकं, एप्रिलमध्ये हंड्यांची रांग. छपराचा हिशेब करून बघा. वळचण धरून ऐंशी चौरस मीटर छप्पर आणि तीन मीटर पाऊस म्हणजे दोन लाख चाळीस हजार लिटर. चौथा हिस्सा वाया गेला तरी एक लाख ऐंशी हजार हाती येतात. राष्ट्रीय बांधकाम संहिता ऑफिसात माणशी दिवसाला ४५ लिटर धरते. दहा माणसांना ४५० लिटर, फेब्रुवारी ते मे असे कामाचे शंभर दिवस, म्हणजे ४५ हजार लिटर. पाच मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, दोन मीटर खोल टाकी. तेवढी परवडत नसेल तर संडासापुरती पंधरा-वीस हजारांची करा, पिण्याचं पाणी वेगळं आणा. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्यायचं, टाकीला घट्ट झाकण आणि नळीच्या तोंडाला जाळी.

विजेचं सांगायचं तर लॅपटॉप घ्या, डेस्कटॉप नको. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर दोन-तीन तास काढतो, त्यामुळे इन्व्हर्टरवर फक्त पंखे, दिवे आणि राउटर ठेवायचे. तीस वॅटचे चार बीएलडीसी पंखे, पंधरा वॅटचे आठ दिवे, वीस वॅट राउटरला: सगळे मिळून २६० वॅट. १५० एएचच्या एका बॅटरीवर हे जेमतेम चार तास चालतं, दोनवर निवांत. मे अखेरच्या वळवाच्या विजा राउटर जाळतात. अर्थिंग खडकात नीट उतरलंय का हे बघून घ्या आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढायची सवय लावा. लाइट गेली की सगळी जण पडवीत येतात, हे वेगळं सांगायला नको. माझ्या पाहण्यातल्या एका ऑफिसात आठवड्याची कामं वाटून घेणं याच वेळात होतं, ठरवून नव्हे, आपोआप.

भिंतीवरचं चित्र

जव्हारमध्ये ऑफिस म्हटलं की भिंतीवर वारली चित्र हवंच, असं प्रत्येक जण म्हणतो. काढा, पण छापील स्टिकर लावू नका. पाच मैलांवर चित्र काढणारी माणसं असताना मुंबईहून वॉलपेपर मागवणं लाजिरवाणं आहे. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही ठरावीक तारपा-नाचाचं वर्तुळ गिरवून पाकीट हातावर ठेवण्याची पद्धत काही गेलेली नाही. चित्रकाराला दर आधी विचारा, विषय त्याच्यावर किंवा तिच्यावर सोडा, खाली नाव लिहू द्या. आणि एक पथ्य: लग्नाचा चौक, त्यातली पालघाट देवी ही सवाशिणींनी लग्नघरी काढायची गोष्ट आहे. ती रिसेप्शनची शोभा नव्हे. पायपुसण्यावर किंवा संडासाच्या दारावर तर बिलकूल नको, हे मी पाहिलं आहे म्हणून लिहितो.

जागा चांगली: पडवीची आतली भिंत. गेरू, वर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. पाऊस लागणार नाही आणि येता-जाता सगळ्यांना दिसेल. भिंतीचा एक भाग मोकळा सोडा, पुढच्या वर्षी कुणाला तरी तिथे काही काढावंसं वाटेल.

शेवटची एसटी

ऑफिसची मांडणी भिंतींची असते तशी वेळेचीही असते. आपल्या माणसांच्या पाड्याकडे जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते हे लिहून पडवीत लावा आणि कामाची वेळ तिच्या अर्धा तास आधी संपवा. शेवटच्या गाडीची धास्ती लागलेली मुलगी चार वाजल्यापासून कामात नसते. सकाळचे पहिले दोन तास मीटिंग नाही, फोन नाही, ज्याला बोलायचं त्याने पडवीत जावं. हा नियम एकदा रुळला की निम्मं काम त्यातच उरकतं. आवणीच्या दिवसांत, जुलैत, सुट्ट्या मागितल्या जाणारच. त्या नाकारून माणूस ऑफिसात बसला तरी त्याचं मन खाचरात असतं. वर्षाच्या सुरुवातीलाच गिऱ्हाइकांना सांगून ठेवा की त्या दोन आठवड्यांत निम्मीच माणसं असतील. बोहाड्याच्या दुसऱ्या दिवशीही सकाळी दहाची मीटिंग ठेवू नका, रात्रभर जागून सोंगं बघितलेली माणसं काय ऐकणार?

दहापेक्षा कमी माणसं असतील तोवर कागदपत्रं थोडीच असतात. दहा झाली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती कायद्याने बंधनकारक आहे, तिच्यातल्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर त्याच पडवीत, एसटीच्या वेळापत्रकाशेजारी लावा.

एवढं करून टेबलं मांडलीत की सहा महिने काही बदलू नका, फक्त बघा. पडवीची जमीन शेणाने सारवलेली असेल तर तिथे कोण कुठे थांबतं ते सारवणच सांगतं; फरशी असेल तर चहाचे गोल डाग बघा. एका ठिकाणी आम्ही बाक दाराच्या उजव्या हाताला ठेवला होता आणि सारवण झिजलं होतं डावीकडे, खांबापाशी, जिथे मोबाइलला रेंज येते. दिवाळीच्या सुट्टीत बाक उचलून खांबापाशी नेला. फळाही तिकडेच हलवावा लागला.